नांगराची निशाणी आणि १८७९ चा कायदा

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि अहमदनगर जिल्हा कंपनी सरकारच्या हाती गेला. राज्याबरोबर न्यायही बदलला. दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने आरंभी गावची पंचायत सांभाळण्याचा प्रयत्न केला. पण १८२७ च्या रेग्युलेशननंतर दिवाणी दावे कोर्टाकडे वळले आणि पंचायत मागे पडली.

परक्या धर्तीचे हे कोर्ट कागद पाहून निकाल देई. पारनेर-कर्जतच्या कुणब्याला बहुधा अक्षरओळख नसे. सावकाराने लिहिलेल्या कर्जखताखाली तो सहीऐवजी नांगराची निशाणी करी. वर रक्कम किती घातली, भरलेले पैसे वळते केले की नाही, हे त्याला उमगत नसे. १८५९ चा मुदतीचा कायदा खरे तर ऋणकोसाठी होता: साध्या रोख्याला मुदत तीन वर्षे. पण तीन वर्षे भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेऊ लागला. दाव्यात कुणबी हजर राहत नसे. एकतर्फी हुकूमनामा होई आणि दारात जप्ती येई.

अमेरिकेतील यादवीमुळे कापूस तेजीत होता, तोवर कर्ज सहज मिळाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव उतरले, कर्ज मात्र राहिले. त्यातच फेरआकारणीने शेतसारा वाढला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा पेटला आणि लवकरच अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. जमाव सावकारांकडे कर्जाची खते मागे. ती मुकाट्याने देणाऱ्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. खतांची मात्र राख झाली. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी दुखण्याचे मूळ अचूक हेरले होते.

दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला. कर्जापायी शेतकऱ्याची कैद बंद झाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खतापाशी न थांबता व्यवहाराचा हिशेब मुळापासून तपासणे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरले. या कायद्याखालच्या कामकाजावर महादेव गोविंद रानडे यांनी पुढे विशेष न्यायाधीश म्हणून देखरेख केली.

सावकारांनी त्यातूनही वाट काढली. गहाणखताऐवजी ते खरेदीखत करून घेऊ लागले. नंतरच्या दुरुस्तीने, असे खरेदीखत मुळात गहाणच होते हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा शेतकऱ्याला मिळाली.