दातांना तारा की पारदर्शक साचे?

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. शिक्षकाने अभ्यासावर बोलावे, परीक्षेवर बोलावे. दातांवर काय म्हणून? पण शिक्षक वर्गात उभा राहतो तेव्हा त्याला मुलांच्या वह्यांबरोबर त्यांचे चेहरेही दिसतात. उत्तर येत असूनही हात वर न करणारी, धडा मोठ्याने वाचावयास सांगितले की ओढणीचा पदर तोंडावर घेणारी मुलगी प्रत्येक शाळेत असते. ज्याचे दात पुढे आहेत म्हणून मित्रांनी नाव पाडले आहे आणि जो फोटो काढताना हटकून मागच्या रांगेत जातो, असा मुलगाही असतो. ही मुले मंद नसतात. त्यांना फक्त तोंड उघडावयाची लाज वाटते, आणि ज्याला तोंड उघडण्याची लाज वाटते त्याचे शिक्षण अर्धे राहते. म्हणून हा विषय शाळेचाही आहे.

अलीकडे पालक एकच प्रश्न विचारतात : "सर, मुलीच्या दातांना तार लावावी, की ते दिसत नाहीत असे नवे प्लास्टिकचे साचे घ्यावेत?" मी दंतवैद्य नव्हे. परंतु कोणत्याही पालकाने निर्णयापूर्वी समजून घ्यावे इतके या विषयात निश्चितच आहे, आणि तेवढेच मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम एक शंका दूर करू. अल्लाहने दिलेल्या रूपात बदल करणे जायज आहे काय, असे काही घरांतून विचारले जाते. हजरत अब्दुल्ला बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेली आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली एक हदीस आहे. तिच्यात केवळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेण्याचा निषेध आहे. येथे ‘सौंदर्यासाठी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दुसऱ्या बाजूला अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत हजरत अरफजा (रजि.) यांची हकीकत आहे. लढाईत त्यांचे नाक कापले गेले. चांदीचे नाक बसविले तर त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. दोष दूर करणे वेगळे आणि धडधाकट असलेले नटविणे वेगळे, असा भेद आलिमांनी यावरून केला आहे. चावता येत नाही, उच्चार नीट होत नाहीत, दातावर दात चढल्याने तेथे घास अडकून कीड लागते, हे दोष आहेत आणि त्यांचा इलाज हा इलाजच आहे. आपल्या मनात शंका राहिली तर आपल्या मोहल्ल्यातील आलिमांना अवश्य विचारा. परंतु न विचारताच ‘नाजायज’ म्हणून मुलाला त्रासात ठेवू नका.

दातांची चिंता आपल्या परंपरेला नवी नाही. मिस्वाकचे महत्त्व घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. दहाव्या शतकात कुर्तुब्याजवळ राहणारे महान शल्यवैद्य अबुल कासिम अल्-जहरावी यांनी आपल्या ‘अत्-तसरीफ’ या ग्रंथात दातांवरील कीटण खरवडण्याची हत्यारे दिली आहेत, आणि हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची कृतीही सांगितली आहे. पुढे १७२८ साली फ्रान्समधील पिएर फोशार यांनी दात सरळ करण्यासाठी धातूच्या पट्टीचे वर्णन केले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉ. एडवर्ड अँगल यांनी वाकड्या दातांचे वर्गीकरण करून या विद्येला शास्त्राचे रूप दिले.

आता दात सरकतो तरी कसा, ते पाहू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. दातावर हलका पण सतत दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू झिजते आणि मागच्या बाजूस नवे हाड भरते. अशा रीतीने दात आपली जागा बदलतो. ही चाल महिन्याला साधारण एक मिलिमीटर एवढीच असते. जोर वाढविल्याने ती वाढत नाही. उलट मुळांना इजा होते. म्हणूनच उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात. लग्नाची तारीख ठरल्यावर "तीन महिन्यांत मुलीचे दात सरळ करून द्या" असे म्हणणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे. दोन्ही पद्धती याच नियमाने चालतात. फरक आहे तो दाब देण्याच्या रीतीत.

तारांच्या पद्धतीत प्रत्येक दातावर एक लहानसा ठोकळा चिकटवितात आणि त्या सर्वांतून तार ओवतात. सुरुवातीची तार बहुधा निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. ती वाकविली तरी आपल्या मूळ आकाराकडे परत येऊ पाहते, आणि त्या ओढीने दात सरकतात. दर चार ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांकडे जावे लागते. ठोकळे धातूचे असतात, तसे दातांच्या रंगाचे सिरॅमिकचेही मिळतात.

पारदर्शक साच्यांना अलायनर्स म्हणतात. १९९७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या एका कंपनीने ही पद्धत संगणकाच्या साहाय्याने प्रथम बाजारात आणली. आज अनेक कंपन्या असे साचे करतात. दातांचे माप घेऊन संगणकावर टप्पे आखतात व त्या त्या टप्प्याचा साचा तयार होतो. एकेक साचा एक ते दोन आठवडे वापरून पुढचा घालावयाचा. प्रत्येक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवितो. पकड यावी म्हणून काही दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवावे लागतात. तेव्हा ‘काहीच दिसत नाही’ हे जाहिरातीतले बोलणे पूर्ण खरे नव्हे.

साच्यांचे फायदे उघड आहेत. ते काढता येतात, त्यामुळे जेवता येते आणि ब्रश नीट होतो. तार टोचत नाही, गाल सोलवटत नाही. दातांत थोडी गर्दी किंवा फटी असतील तर काम उत्तम होते. परंतु जो गुण, तोच त्यांचा दोष. काढता येतात म्हणून काढले जातात! दिवसाच्या चोवीस तासांपैकी वीस ते बावीस तास साचा तोंडात राहिला पाहिजे. चहा, सरबत, शीतपेय पिताना तो काढलाच पाहिजे, नाहीतर साखर आत अडकून दात किडतात. साचा तोंडात असताना फक्त साधे पाणी चालते. डबा खाताना मुले साचा कागदात गुंडाळून ठेवतात आणि सुट्टी संपताच तो कागद कचऱ्याच्या टोपलीत जातो. कंपासपेटीत ठेवलेला साचा बाकाखाली सापडतो. साचा महाग असतो आणि हरवला की उपचारही रखडतो.

तारा काढता येत नाहीत. मुलगा विसरला, कंटाळला, रुसला तरी तार आपले काम करीतच राहते. दात फार फिरलेले असतील, सुळा वर अडकला असेल, किंवा दात काढून मोठी जागा बंद करावयाची असेल, तर अशा अवघड कामांत तारांवर डॉक्टरांचा ताबा अधिक असतो. मात्र त्यांचीही किंमत मोजावी लागते. प्रत्येक जेवणानंतर ब्रश नीट केला नाही तर ठोकळ्यांभोवती पांढरे डाग पडतात व हिरड्या सुजतात. चिक्की, भाजलेले चणे, कणीस, बर्फ वर्ज्य करावे लागते. मटणाची नळी चोखण्याचा मोह आवरावा लागतो, आणि खजूर बी काढून, बारीक करून खावा लागतो.

रमजानचाही विचार करा. आपल्याकडे सेहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास साचा सलग तोंडात राहू शकतो, ही सोयच आहे. परंतु इफ्तार, मग जेवण, तरावीहनंतर चहा, मग सेहरी असा रात्रभर साचा बाहेरच राहिला तर हिशेब चुकतो. रात्रीचे खाणे दोन-तीन ठराविक वेळांतच आटोपावे. तारा असतील तर सेहरीनंतर ब्रश केल्याशिवाय झोपू नये, कारण अडकलेला घास दिवसभर तेथेच राहतो.

मग निवड कशी करावी? माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात : तोंड, मूल आणि खिसा; आणि त्याच क्रमाने.

तोंड कोणत्या उपचाराला योग्य आहे हे बी.डी.एस. नंतर तीन वर्षांचा एम.डी.एस. हा अभ्यासक्रम दंत-सुधार शाखेत पूर्ण केलेला तज्ज्ञच सांगू शकतो. एक्स-रे न काढता, हिरड्या न पाहता कोणी घरी साचे पाठवीत असेल तर सावध राहा. २०१४ साली सुरू झालेली स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकन कंपनी असेच दूरवरून साचे पाठवीत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये ती बंद पडली. ज्यांचे उपचार अर्ध्यावर होते ते ग्राहक तसेच राहिले. दात अर्धवट सरकलेले असताना कोणाकडे जावे, हे जाहिरात सांगत नाही.

मूल कसे आहे हे आपणच जाणता. जे मूल न सांगता गृहपाठ करते, वस्तू जागच्या जागी ठेवते, ते साचे सांभाळील. ज्याची छत्री दर पावसाळ्यात हरवते, त्याला तारा बऱ्या. सहावी ते दहावीच्या बहुतेक मुलांसाठी मला तारा अधिक योग्य वाटतात. कॉलेजातील किंवा नोकरी करणाऱ्या जबाबदार तरुणाचा दोष किरकोळ असेल तर साच्यांचा विचार अवश्य व्हावा.

आता खिसा. धातूच्या तारा सर्वसाधारणपणे सर्वांत स्वस्त, सिरॅमिकच्या त्याहून महाग आणि साचे बहुधा सर्वांत महाग. सुरुवातीलाच विचारा : एकूण रक्कम किती? हप्ते मिळतील काय? हरवलेल्या साच्याचे किती? शेवटी जास्तीचे साचे लागले तर? रिटेनर यात धरला आहे काय? ज्यांना खाजगी दवाखाना परवडत नाही त्यांनी दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय व महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय महाविद्यालये आहेत. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. तेथे फेऱ्या अधिक पडतात, थांबावे लागते, पण खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. माझी कळकळीची विनंती एवढीच की, न दिसणाऱ्या साच्यासाठी मुलीच्या कॉलेजच्या फीचे पैसे मोडू नका. तारा दोन वर्षे दिसतील आणि निघून जातील. सुटलेले शिक्षण मात्र आयुष्यभर दिसत राहील.

रिटेनरविषयी दोन शब्द. उपचार संपला की दात पुन्हा जुन्या जागेकडे जाऊ पाहतात. त्यांना थोपविण्यासाठी डॉक्टर सांगतील तितका काळ रिटेनर वापरावाच लागतो. तो कपाटात पडून राहिला तर दोन वर्षांची मेहनत आणि पैसा दोन्ही वाया जातात.

त्याआधीचीही काळजी घ्या. "दुधाचे दात, पडणारच आहेत" म्हणून कीड तशीच ठेवू नका. दुधाची दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि कायमच्या दाताला वाट उरत नाही. मोठेपणी अंगठा चोखण्याची सवय राहिली तर पुढचे दात बाहेर येतात. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी करून घ्यावी. उपचार बहुधा अकरा ते चौदा या वयात सुरू होतो.

शेवटी, पालकांना एक स्पष्ट गोष्ट सांगतो. दात सरळ करण्याची आठवण आपल्याला मुलगी दाखविण्याची वेळ आली की होते, आणि मुलाच्या बाबतीत तर होतच नाही. मुलगा असो वा मुलगी, त्याला वर्गात उभे राहून न लाजता वाचता यावे, मुलाखतीत मोकळेपणाने बोलता यावे, घास नीट चावता यावा, यासाठी हा इलाज आहे. स्थळ मिळावे म्हणून नव्हे. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्या वर्गात कोणी तारा लावून आला तर त्याला हसू नका. तो दोन वर्षांचे एक काम रोज न चुकता करीत आहे. तसे काम आपण कोणते करीत आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.