दुकानाचा व्हिडिओ करून घेताना

आज बोलूया, आपल्या छोट्या धंद्यासाठी गावातलाच शूटिंगवाला कसा ठरवायचा.

आपल्याकडे व्हिडिओवाले बहुतेक लग्नाचे. म्हणून वेळ साधा. चातुर्मासात, आषाढी ते कार्तिकी, मुहूर्त कमी. तेव्हा माणूस मोकळा असतो आणि दराचंही बोलता येतं.

काम बघताना लग्नाचा हायलाइट नको. गाणं आणि स्लो मोशनमध्ये सगळं झाकलं जातं. 'कुणीतरी बोलतंय असा, गाणं न टाकलेला मिनिटभराचा तुकडा दाखवा' म्हणा. आवाज कसा घेतो ते लगेच कळतं. मग विचारा, ट्यूबलाइटखाली शटर किती ठेवता? आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा उत्तर १/५० किंवा १/१०० यायला हवं. नाहीतर चित्र लुकलुकतं.

आता खरा मुद्दा, मालकी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ : पैसे देऊन फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर पहिले मालक तुम्ही. पण कच्चं फुटेज त्याच्याकडेच राहिलं, तर पुढे फोन नंबर बदलायचा म्हटलं तरी त्याचेच पाय धरायचे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे सोर्स कोडवरून होतं तेच हे. १०० एमबीपीएसने तासाभराचं शूट म्हणजे ४५ जीबी, तो कार्ड पुसणारच. म्हणून हार्ड डिस्क तुमची द्या, आणि फुटेज मिळणार हे व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

ॲडव्हान्स जरूर द्या, पण शेवटचा हप्ता डिस्क उघडून बघितल्यावरच. चला, भेटू पुढच्या भागात.