निरोपातली टक्क्याची खूण

जानेवारी २००७ मध्ये अ‍ॅपलच्या आयचॅट या गप्पांच्या प्रोग्राममध्ये एक फट उघडकीला आली. गप्पांसाठी बोलावणाऱ्या दुव्यात टक्क्याच्या काही खुणा पेरल्या आणि समोरच्याने तो दुवा उघडला, की आयचॅट बंद पडे. पाठवणारा तरबेज असेल तर त्याचा कोड समोरच्याच्या संगणकावर चालण्याचाही धोका होता. अ‍ॅपलने फेब्रुवारीत दुरुस्ती दिली.

टक्क्याच्या खुणेत एवढं काय आहे? सी भाषेत मजकूर छापण्याचं काम प्रिंटएफ करतं. त्याला आधी साचा द्यायचा: पर्सेंट-एस म्हणजे इथे मजकूर, पर्सेंट-डी म्हणजे इथे आकडा. भरायच्या गोष्टी त्यामागून द्यायच्या. घाईतला प्रोग्रामर मात्र बाहेरून आलेला निरोपच साचा म्हणून देऊन टाकतो. निरोप 'उद्या भेटू' असेल, तर सगळं सुरळीत छापलं जातं. म्हणूनच चाचणीत ही चूक दिसत नाही. निरोपात पर्सेंट-एक्स आलं, की भरायला काही दिलेलं नसतानाही प्रिंटएफ मेमरीत जे हाताला लागेल ते उचलून छापतं. पर्सेंट-एन तर त्याहून घातक. आतापर्यंत किती अक्षरं छापली, तो आकडा ते मेमरीत लिहितं. छापण्यासाठी बोलावलेलं फंक्शन लिहू लागतं, आणि कुठे लिहायचं हे निरोप पाठवणारा ठरवू शकतो!

ही वाट २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या फाइल-सर्व्हरमुळे सर्वांच्या नजरेस आली. २००१ च्या जानेवारीत रामेन नावाचा वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा प्रोग्राम, अशाच फटींतून रेड हॅट लिनक्सच्या सर्व्हरांवर पसरला. आणि २०२१ मध्येसुद्धा, टक्क्याच्या खुणा असलेल्या नावाच्या वायफायला जोडताच आयफोनचं वायफाय बंद पडत होतं.

वीस वर्षांनीही ही चूक होत राहावी, हे मला अक्षम्य वाटतं. कारण उपाय एका ओळीचा आहे: साचा आपला, निरोप त्यामागे. कंपायलरला सांगितलं तर तोही इशारा देतो.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत सी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रिंटएफ शिकवाल त्याच तासाला पर्सेंट-एनही दाखवा, आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्येक संगणकावर कंपायलरचे हे इशारे चालू ठेवा.