तारा डोलतोय, की डाग फसवतोय?

आज एक छोटा प्रयोग करा. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबा आणि त्याच्या टोकाचा दिवा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण बऱ्याच फोनवर तो चमकताना दिसतो. हा अवरक्त प्रकाश. 'लाल बटू' तारे सगळ्यात जास्त उजळतात ते याच पट्ट्यात.

आपल्या आसपासच्या दर चार ताऱ्यांपैकी साधारण तीन लाल बटू आहेत. आकाराने लहान आणि थंड. थंड म्हणजे तरी ३००० अंशांच्या आसपास बरं का! पण नुसत्या डोळ्यांनी त्यातला एकही दिसत नाही. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा, तोसुद्धा नाही.

मग त्यांच्याभोवतीचे ग्रह शोधायचे कसे? ग्रह फिरताना ताऱ्यालाही थोडं ओढतो, त्यामुळे तारा जागच्या जागी डोलतो. तो आपल्याकडे आला की त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, लांब गेला की तांबड्या. हाच डॉप्लर परिणाम. प्रॉक्सिमाचा ग्रह २०१६ मध्ये असाच सापडला. त्याच्यामुळे तारा किती वेगाने डोलतो? आपण रस्त्याने चालतो ना, साधारण तेवढ्या!

आता एवढासा वेग अवरक्तात मोजायचा, तर एक पंचाईत आहे. कोमट वस्तूसुद्धा अवरक्त प्रकाश सोडते, म्हणजे खुद्द यंत्रही! म्हणून अमेरिकेत टेक्सासच्या मॅक्डोनाल्ड वेधशाळेतला 'हॅबिटेबल-झोन प्लॅनेट फाइंडर' हा वर्णपटमापक उणे ९३ अंश सेल्सियसला ठेवतात. ते तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही हलू द्यायचं नाही. रेषा कुठे आहे हे मोजायला लेझरची मोजपट्टी असते.

एवढा खटाटोप कशासाठी? मला यात एडी लिओनिसची गोष्ट फार आवडते. सिंह राशीतला हा लाल बटू सुमारे १६ प्रकाशवर्षांवर आहे. दर सव्वादोन दिवसांनी तो डोलतोय असं दिसलं, आणि २०१८ मध्ये तिथे ग्रह असल्याचा दावा झाला. पण तारा स्वतःभोवती फिरतो तोही सव्वादोन दिवसांतच. शंका आली. ताऱ्यावरचा काळा डागही फिरता फिरता रेषांचा आकार बिघडवतो, आणि आपल्याला वाटतं तारा डोलला!

फरक ओळखायचा कसा? ग्रह ताऱ्याला खरंच हलवत असेल, तर ते डोलणं प्रत्येक रंगात सारखंच दिसणार. डागाचं तसं नाही. अवरक्तात डाग आणि आजूबाजूचा पृष्ठभाग यांच्या उजेडातला फरक कमी होतो, त्यामुळे त्याची फसवणूकही कमी होते. २०२० मध्ये ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीतून दोन्ही प्रकाशांत एकाच वेळी मोजमाप झालं. दृश्य प्रकाशात डोलणं होतं, अवरक्तात तेवढं नव्हतंच. टेक्सासच्या यंत्रानेही तेच सांगितलं. दाव्यातला तो ग्रह बाद!

ग्रह सापडला की बातमी होते, ग्रह पुसला गेला की होत नाही. पण मला विचाराल तर दुसरं कामही तितकंच मोलाचं. उद्या कुणी 'जीवसृष्टीयोग्य ग्रह सापडला' असं म्हणालं, की पहिला प्रश्न हाच विचारा: अवरक्तातही दिसला का?

भेटू पुढच्या भागात!