अंगावरचे दूध आणि स्तनाचा कर्करोग



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असे कुणाला वाटत असल्यास नवल नाही. परंतु येथून जवळच्याच मुरुड गावी 1882 साली जन्मलेल्या रघुनाथराव कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्या मुलखात आपण स्त्रीच्या दुखण्याविषयी बोलताना लाजावे, हे बरे दिसणार नाही.

“मी चार लेकरे अंगावर पाजली, मला कसला होतो स्तनाचा कर्करोग?” असे आपल्याकडे बायका म्हणतात. यात खरे किती, ते पाहू.

ही शंका जुनीच आहे. इटलीतील रामाझिनी या वैद्याने 1713 साली लिहून ठेवले, की मठातल्या ब्रह्मचारिणींना हा रोग फार होतो. 1926 साली इंग्लंडात जॅनेट लेन-क्लेपन या डॉक्टरीणबाईंनी रोगी आणि निरोगी अशा सुमारे 500-500 स्त्रियांची तुलना केली. रोग झालेल्यांना मुले कमी झाली होती आणि पाजणेही कमी घडले होते. मुंबईत 1963 साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, तेव्हा पारशी स्त्रियांत हा रोग इतरांपेक्षा ठळकपणे अधिक दिसला. त्यांच्यात अविवाहित पुष्कळ, लग्ने उशिरा आणि मुले थोडी. अर्थात लहान समाजात रक्ताचाही काही भाग असू शकतो. सगळे खापर उशिराच्या लग्नावर फोडता येत नाही.

2002 साली 30 देशांतील 47 पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. त्यात 50,302 रोगी स्त्रिया होत्या. निष्कर्ष असा, की प्रत्येक बाळंतपणामागे धोका शेकडा 7 ने घटतो आणि पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आणखी शेकडा 4.3 ने. ही घट आधीच्या धोक्यातली, हे ध्यानात असू द्या. पहिले मूल लवकर झाले तर लाभ अधिक, हेही 1970 पासून ठाऊक आहे. गरोदरपणात आणि पाजताना स्तनातील पेशी आपले काम करण्याइतक्या पक्व होतात, मग सहजी बिघडत नाहीत. शिवाय त्या काळात पाळी थांबल्याने शरीरातल्या स्रावांचा महिन्याचा मारा चुकतो, असे शास्त्रज्ञ मानतात.

मग आमच्या आज्यांचे म्हणणे खरे ठरले ना? अर्धेच. त्याच हिशेबात असेही निघाले, की पाश्चात्त्य स्त्रियांना जुन्या पद्धतीप्रमाणे सहा-सात मुले झाली आणि प्रत्येक मूल दोन वर्षे पाजले, तर सत्तरीपर्यंत शंभरातल्या 6.3 जणींऐवजी 2.7 जणींना हा रोग होईल. 2.7 म्हणजे शून्य नव्हे! उरलेल्या स्त्रियाही कुणाच्या तरी आयाच आहेत. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: बाळंतपणानंतर काही वर्षे हा धोका किंचित वाढतो, सुमारे पाच वर्षांनी सर्वांत अधिक असतो आणि मग हळूहळू उतरतो. म्हणून पाजत्या आईच्या छातीत गाठ लागली, की “दुधाची गाठ आहे, शेकून जाईल” म्हणून घरी बसणे बरे नव्हे. बहुतेक गाठी दुधाच्याच निघतात, पण दोन आठवड्यांत न गेलेली डॉक्टरला दाखवावीच.

दुसरी बाजू मला अधिक बोचते. मूल नसलेल्या बाईला हा रोग झाला की घरातली वडीलधारी माणसे तिलाच बोल लावतात. आकडे समूहाचे असतात. एका बाईच्या कपाळी काय लिहिले आहे, ते त्यांतून वाचता येत नाही. कर्करोग टाळण्यासाठी लवकर लग्न करा, पुष्कळ मुले होऊ द्या, असा सल्ला कुणी शहाणा डॉक्टर देणार नाही. वारंवारच्या बाळंतपणांनी कोकणातल्या किती बायका खंगल्या, ते आपण जाणतो. पाजण्याची गोष्ट निराळी; ते बाळाच्याच हिताचे आहे, आईचा लाभ त्यावर वर.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 1998 पासून दीड लाखावर स्त्रियांवर एक प्रयोग केला. शिकवून तयार केलेल्या बायका घरोघरच्या स्त्रियांना बोलावून हातानेच स्तन तपासत, दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. 2021 साली वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू शेकडा 30 ने कमी आढळले. त्याआधीच्या वयात तसा लाभ दिसला नाही. त्या तपासणीला ना मोठे यंत्र लागले, ना मुले किती हा प्रश्न आड आला. पन्नाशी ओलांडलेल्या ज्या आजीबाई आज येथे बसल्या आहेत, त्यांनी चार पाजली असोत वा एकही नसो, अशी तपासणी एकदा करून घ्यावी. आणि सुनेने आठवण केली तर तिच्यावर रागावू नये.