कोळशाचे थर आणि त्यांतील वायू



आपल्या बोरीच्या शिवारात कोळसा नाही. पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. कोळसा बनतो तो गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून. चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी येथील कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांचा आहे. तरीही हा विषय आपणांस परका नाही. परळीच्या वीज केंद्रात जळतो तो कोळसाच.

कोळसा तयार होताना मिथेन वायूही तयार होतो. तो कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांना चिकटून राहतो आणि भोवतालच्या पाण्याचा दाब त्याला तेथेच धरून ठेवतो. खाणीतील हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. १९६५ साली, आजच्या झारखंडमधील ढोरी खाणीच्या स्फोटात अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. म्हणून खाणकामाआधी वायू काढून घेणे म्हणजे इंधन मिळविणे आणि माणसे वाचविणेही होय.

वायू काढण्याची रीत सोपी वाटते. थरापर्यंत बोअर घ्यावयाचे, पाणी उपसावयाचे. दाब कमी झाला की वायू सुटून भेगांवाटे वर येतो. पण थर अनेक असले म्हणजे? झरिया येथे बराकार खडकांतील थरांना १ ते १८ असे क्रमांक आहेत. एकाच बोअरने अनेक थरांचा वायू घेतला तर खर्च वाचतो. मात्र भूगर्भ काही अटी घालतो.

पहिली अट खोलीची. खोल थरात वायू सहसा जास्त, पण वरच्या भाराने भेगा मिटतात व त्याची वाट अडते. दुसरी, कोळशाच्या परिपक्वतेची. झरियाचा कोळसा अधिक पक्व म्हणून वायूही अधिक; आपल्या विदर्भातील कोळसा त्या मानाने कमी पक्व. तिसरी, मधल्या खडकाची. घट्ट शेल असेल तर प्रत्येक थर वेगळा राहतो. पाणी धरणारा वालुकाश्म लागून असेल तर उपसा संपता संपत नाही. खडकात मोठा तडा असेल तर वायू पूर्वीच निसटून गेलेला असू शकतो. चौथी, दाबाची. जास्त दाबाच्या थरातील वायू वर येण्याऐवजी कमी दाबाच्या थरात शिरतो.

हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. वरच्या झऱ्याचे पाणी त्याच बोअरमधून खालच्या कोरड्या भेगेत उतरते, हे आपण जाणतोच. म्हणून जाणकार प्रत्येक थर आधी वेगळा तपासतात, सारख्या दाबाचे थर एकत्र घेतात, उरलेले पाळीपाळीने. पश्चिम बंगालच्या राणीगंज भागात अशा वायूचे व्यापारी उत्पादन २००७ साली सुरू झाले.

पालकहो, एक विनंती करतो. आपल्या शेतात बोअरची गाडी येईल तेव्हा मुलामुलींना तेथे उभे करा. किती फुटांवर माती संपली, मुरूम कोठे लागला, पाषाणाचा रंग कोठे बदलला, पाणी कोठे लागले, हे त्यांना वहीत लिहू द्या. भूशास्त्राचा पहिला धडा तोच, आणि पुढचे बोअर कोठे घ्यावे हे ठरविताना ती वही घरालाही उपयोगी पडेल.