एक मंडळी, तीन गळे

रॉक बँडचा गायक बदलला की चाहत्यांत वाद रंगतो, 'आधीचा बरा की आताचा?' लोणारच्या भजनी मंडळातही बुवा बदलले की हीच चर्चा होते. मराठी रंगभूमीने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच अनुभवला.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत 1882 मध्ये भाऊराव कोल्हटकर आले. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. त्यांचा उंच, धारदार आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोहोचे. 1901 मध्ये त्यांचे निधन झाले. 1905 मध्ये बालगंधर्व आले. भाऊरावांनी रंगवलेली 'सौभद्र' नाटकातली सुभद्रा आता लाडिक, भावपूर्ण झाली. शब्द ते अलगद, लयीशी खेळत मांडत. 1913 मध्ये त्यांनी स्वतःची मंडळी काढली. मग आले कोवळ्या वयाचे दीनानाथ मंगेशकर: चपळ तान, पंजाबी ढंगाच्या हरकती, आक्रमक फेक. तेही 1918 मध्ये बाहेर पडले.

भाऊरावांचे ध्वनिमुद्रण नाही; बालगंधर्व आणि दीनानाथ यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. त्या लागोपाठ ऐका. नव्या गायकाला जुन्याच्या मापाने मोजू नका. त्याने पदात नवे काय आणले, तेवढे कान देऊन ऐका.